घंटी वाजली, पण गाडी थांबवायची कुठे?

स्क्वीक, म्हणजे स्मॉलटॉक भाषेचं एक रूप, उघडा. वर्कस्पेसच्या खिडकीत एकच ओळ लिहा: चौकोनी कंसात 'ट्रू', त्याच्यापुढे 'व्हाइल ट्रू'. अर्थ असा की, जोवर खरं ते खरं आहे तोवर काहीही न करता फिरत राहा. ओळ निवडा, मेनूतून 'डू इट' म्हणा, आणि झालं तुमचं काम! माउसचा बाण सरकतो, पण कशावरही क्लिक केलं तरी ढिम्म. खिडक्या हलत नाहीत, मेनू उघडत नाही. पंख्याचा आवाज तेवढा वाढतो.

आता ऑल्टची कळ दाबून धरा आणि पूर्णविराम दाबा. मॅकवर असाल तर कमांड आणि पूर्णविराम. क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एक छोटी खिडकी उगवते. माथ्यावर लिहिलेलं असतं 'यूजर इंटरप्ट', म्हणजे वापरणाऱ्याने मध्येच टोकलं. बटणं तीन: 'प्रोसीड', 'अबँडन', 'डीबग'. पुढे चालू दे, सोडून दे, किंवा उघडून दाखव. 'डीबग' दाबलं की थांबलेला प्रोग्राम जसाच्या तसा समोर येतो. कोणत्या ओळीवर होता, कोणी कोणाला बोलावलं होतं, कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं, सगळं. पाहून झालं की 'प्रोसीड' म्हणायचं. गडी जिथे थांबला होता तिथून पुन्हा फिरायला लागतो, जणू काही झालंच नाही.

ज्यांनी आयुष्यभर टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबलंय त्यांना यातलं नवल पटकन कळतं. युनिक्समध्ये ती कळ दाबली की कर्नल चालू प्रोग्रामला 'सिगइंट' नावाचा सिग्नल पाठवतो, क्रमांक २. प्रोग्रामने आधीपासून काही तजवीज केली नसेल तर तो जागच्या जागी मरतो. (सुरुवातीच्या युनिक्समध्ये हे काम कंट्रोल-सीचं नव्हतंच, डिलीटच्या कळीचं होतं. कंट्रोल-सीची सवय पुढे बर्कलीच्या युनिक्सने लावली.) तिथे मारणारा बाहेरचा असतो, आणि मेलेल्याला 'बाबा रे, तू काय करत होतास' असं विचारायची सोय उरत नाही. स्मॉलटॉकमध्ये टोकणाराही घरातलाच असतो. तो त्याच भाषेत लिहिलेला असतो, त्याची मेथड उघडून वाचता येते, आणि आवडली नाही तर बदलता येते. हे प्रकरण त्या बदलाबद्दल आहे.

थोडा मागचा धागा. स्मॉलटॉक जन्मली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात, १९७०च्या दशकात. अॅलन के यांची कल्पना, डॅन इंगल्स यांची बांधणी, आणि अडेल गोल्डबर्ग यांनी ती जगापुढे मांडली. ऑगस्ट १९८१च्या 'बाइट' मासिकाचा अंक स्मॉलटॉकला वाहिलेला होता, आणि मुखपृष्ठावरचा रंगीत फुगा तेव्हापासून या भाषेचं चिन्हच होऊन बसला. गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉब्सन यांचं जाडजूड पुस्तक १९८३ साली आलं. त्याला सगळे 'निळं पुस्तक' म्हणतात, आणि प्रोसेस, सेमाफोर, अग्रक्रम यांची जी मांडणी आपण पुढे बघणार आहोत, ती तिथूनच आलेली आहे. स्क्वीक हे त्या स्मॉलटॉक-८०चं पुढचं रूप. के आणि इंगल्स दोघेही तोवर ॲपलमध्ये होते, आणि स्क्वीक १९९६ साली तिथून बाहेर पडलं.

ॲपलचा उल्लेख मुद्दाम केला. पूर्णविरामाने प्रोग्राम थांबवायचा हे कुणाला सुचलं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर एस्केपची कळ नव्हती, कंट्रोलचीही नव्हती, बाणांच्या कळासुद्धा नव्हत्या. मग 'थांब' म्हणायला कमांड आणि पूर्णविराम ही जोडी रूढ झाली. ॲपलच्या घरात वाढलेल्या स्क्वीकने तीच उचलली. विंडोज आणि लिनक्सवर आल्यावर कमांडच्या जागी ऑल्ट बसली, टिंब मात्र तेच राहिलं. दुसऱ्या घराण्यातल्या स्मॉलटॉकचे रिवाज निराळे. व्हिज्युअलवर्क्समध्ये हेच काम कंट्रोल-वाय करते.

स्क्वीकच्या पोटात ही कळ एका आकड्याच्या रूपात बसलेली आहे: २०९४. पहिल्यांदा बघितल्यावर वाटतं, कुणीतरी झोपेत टाइप केलाय. पण फोड सोपी आहे. आकड्याच्या खालच्या भागात अक्षराचा क्रमांक असतो, पूर्णविरामाचा ४६. वरच्या भागात सोबतच्या कळा: शिफ्टचे २५६, कंट्रोलचे ५१२, ऑप्शनचे १०२४, कमांडचे २०४८. कमांड आणि टिंब म्हणजे २०४८ अधिक ४६, बरोबर २०९४. कळ बदलायची तर 'सेन्सर'ला 'सेट इंटरप्ट की' हा मेसेज पाठवून नवा आकडा द्यायचा, बस. कंट्रोल-सी हवी असणाऱ्यांसाठी एक खड्डा सांगून ठेवतो. लहान सीचा क्रमांक ९९, म्हणून लोक ५१२ मध्ये ९९ मिळवून ६११ देतात आणि कळ काम करत नाही म्हणून डोकं धरतात. कंट्रोल दाबलेली असताना सी बहुतेक ठिकाणी ९९ म्हणून येतच नाही, ३ म्हणून येते. ५१५ देऊन बघा.

कळ दाबल्यावर पुढे काय होतं, ते मला नेहमी एसटीच्या दोरीवरून समजावून सांगावंसं वाटतं. कंडक्टर मागे उभा राहून दोरी ओढतो. एक घंटी म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. पण दोरी ब्रेकला बांधलेली नसते. ती फक्त घंटा वाजवते. ब्रेक ड्रायव्हरच्या पायाखाली असतो. स्क्वीकमध्ये घंटेच्या जागी सेमाफोर आहे. शब्द रेल्वेच्या हाताच्या सिग्नलचा, आणि संगणकशास्त्रात तो आणला डच शास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी, १९६०च्या दशकात. इंटरप्टची कळ ओळखली गेली की या सेमाफोरला एक 'सिग्नल' मिळतो. आणि त्या सेमाफोरवर डोळा लावून एक प्रोसेस बसलेली असते, तिचं नाव 'यूजर इंटरप्ट वॉचर'. पहारेकरीच म्हणा.

या पहारेकऱ्याची मेथड जेमतेम पाच ओळींची आहे. सेमाफोरवर वाट बघ. सिग्नल आला की पडद्यावरचं रंगवणं कुणी रोखून धरलं असेल तर ते मोकळं कर. आवाज चालू असेल तर बंद कर. मग 'स्मॉलटॉक'ला 'हँडल यूजर इंटरप्ट' हा मेसेज पाठव. आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जा. गंमत अशी की हीसुद्धा 'ट्रू, व्हाइल ट्रू' हीच ओळ आहे. न संपणाऱ्या लूपला आवर घालायला दुसरा न संपणारा लूप ठेवलेला आहे. फरक इतकाच की हा झोपून असतो.

झोपलेला पहारेकरी धावणाऱ्या प्रोग्रामला अडवतो कसा? इथे अग्रक्रम येतो. निळ्या पुस्तकात प्रोसेसना १ ते ८ अशा पायऱ्या दिल्या होत्या. स्क्वीकने त्याच दहाने गुणून १० ते ८० केल्या. खिडक्या, मेनू, माउस सांभाळणारी प्रोसेस ४०वर चालते. वर्कस्पेसमधून 'डू इट' केलेलं कामही तिच्याच अंगावर पडतं, आणि म्हणूनच आपल्या त्या एका ओळीने अख्खा पडदा गोठला. पहारेकरी बसलेला असतो ६०वर. ६०वाल्याला जाग आली की ४०वाल्याने बाजूला व्हायचं, असा नियम.

मग कळ दाबल्यावर तो क्षणभराचा उशीर कसला? कीबोर्डवरून आलेल्या घटना वाचायचं काम एरवी ४०वाली प्रोसेसच करते, आणि तीच तर लूपमध्ये अडकलेली. म्हणून 'इव्हेंट टिकलर' नावाची आणखी एक प्रोसेस दर ५०० मिलिसेकंदांनी उठून बघते की घटना कुणी वाचतंय की नाही. वाचत नसेल तर स्वतः रांग चाळते, त्यात २०९४ सापडला तर सेमाफोर वाजवते. म्हणजे घंटेची दोरी दर अर्ध्या सेकंदाने कुणीतरी तपासून बघतं. सेमाफोर मोजणारा असतो हेही लक्षात ठेवा. चिडून तीनदा कळ दाबली तर तीन सिग्नल जमा होतात, आणि मग एकावर एक तीन खिडक्या उघडतात. हे माझं इतक्यांदा झालंय की आता मी एकदा दाबून हात मांडीवर ठेवतो.

'हँडल यूजर इंटरप्ट'मध्ये डोकावू. आधी ती 'कमांड डॉट एनेबल्ड' ही आवडनिवड तपासते, म्हणजे टोकण्याची परवानगी आहे का. असेल तर 'प्रोजेक्ट'ला सांगते की अमुक प्रोसेसला थांबव आणि तिच्यावर डीबगर उघड. हे सांगणं 'फोर्क' करून, म्हणजे वेगळी प्रोसेस सोडून, केलेलं असतं. कारण उघड आहे: डीबगर उघडायला पहारेकरी स्वतःच गेला तर दारावर कोण? आणि थांबवायचं कुणाला, हे ठरवणाऱ्या मेथडमध्ये एक अट आहे जी सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्याला बाजूला सारून पहारेकरी उठला, त्याचा अग्रक्रम पडदा सांभाळणाऱ्या प्रोसेसइतका किंवा जास्त असेल तरच त्याला धरायचं. कमी असेल तर पडदेवालीलाच धरायचं. परिणाम? तुमचा बेफाम लूप ३०वर, पार्श्वभूमीत चालू असेल, तर कळ दाबल्यावर डीबगर उघडतो तो निरपराध पडदेवालीवर, आणि लूप पुढे फिरतच राहतो. अशा वेळी 'प्रोसेस ब्राउझर' उघडून हाताने त्याला संपवावं लागतं. उलट कुणी हौसेने ७०वर लूप सोडला तर ६०च्या पहारेकऱ्याला जागच येत नाही.

बदल करायचे तर ते 'हँडल यूजर इंटरप्ट' याच मेथडमध्ये. सगळ्यात सोपा बदल म्हणजे परवानगीच काढून घेणं. प्रदर्शनात मांडलेला संगणक, दुकानातला पडदा, किंवा लहान मुलांच्या हातातलं यंत्र. 'एक मूल, एक लॅपटॉप' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ संगणक रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा शाळेतही २००७ साली आले होते. त्यांत असलेलं 'ईटॉइज' हे स्क्वीकवरच उभं आहे. गाडी रंगवून ती पडद्यावर पळवणाऱ्या तिसरीतल्या मुलीच्या बोटांनी चुकून ही जोडी दाबली गेली, तर तिच्यापुढे 'यूजर इंटरप्ट' उघडून कुणाचं भलं होणार? तिथे बंद ठेवणं समजू शकतं. पण स्वतःच्या कामाच्या इमेजमध्ये, म्हणजे अख्खं स्मॉलटॉक जपून ठेवणाऱ्या फाइलमध्ये, ही कळ बंद करणाऱ्यांविषयी माझं मत फारसं बरं नाही. फारो या दुसऱ्या स्मॉलटॉकमध्येही अशीच सोय आहे, आणि तिथेही माझं मत तेच.

खरा रस आहे तो वागणूक बदलण्यात. समजा दोन लाख ओळींची फाइल वाचून, एकेक ओळ तपासून, दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची आहे. मध्येच थांबवावंसं वाटलं तर डीबगर नको. झालेलं काम नीट बंद करून 'इतक्या ओळी झाल्या' असा निरोप हवा. पहिला विचार येतो तो एक्सेप्शनचा. 'एक्सेप्शन'चा एक उपवर्ग करायचा, नाव देऊ 'थांबविनंती'. आपलं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये सोडायचं आणि ती प्रोसेस एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायची. मग 'हँडल यूजर इंटरप्ट'च्या तोंडाशी दोन ओळी: ती प्रोसेस जिवंत असेल तर तिला 'सिग्नल एक्सेप्शन'ने नवी थांबविनंती पाठव, नसेल तर जुनी वाट धर. कामाच्या लूपभोवती 'ऑन, डू' घालून ती विनंती पकडायची. तिथे 'रिटर्न' म्हटलं तर काम संपतं, 'रिझ्यूम' म्हटलं तर जिथे होतं तिथून पुढे. फाइल बंद करायची ओळ 'एन्शुअर'मध्ये ठेवायची, म्हणजे प्रोसेस कुठल्याही वाटेने बाहेर पडली तरी ती चालतेच. डीबगरमध्ये 'अबँडन' दाबलं तरीही.

हे मी करून पाहिलं, आणि चाललंही. मग एकदा लिहिलेली फाइल उघडली तर शेवटची ओळ अर्धीच: नाव होतं, गाव होतं, पिनकोडचे तीन आकडे होते, पुढे काही नाही. विनंती नेमकी ओळ लिहिताना येऊन आदळली होती. 'एन्शुअर'ने फाइल इमानेइतबारे बंद केली, पण अर्धी ओळ आत ठेवूनच. दुसऱ्या प्रोसेसच्या मध्येच एक्सेप्शन टाकणं म्हणजे कंडक्टरने मागून येऊन स्वतःच ब्रेकवर पाय देणं. गाडी थांबेल; कसारा घाटाच्या वळणावर थांबेल.

त्यानंतर मी साधा रस्ता धरला. कळ दाबल्यावर फक्त एक खूण करायची, 'थांबायचंय' या व्हेरिएबलमध्ये 'ट्रू' टाकायचं. लूप प्रत्येक ओळ पूर्ण लिहून झाल्यावर ती खूण बघतो, आणि असली तर स्वतःहून बाहेर पडतो. यात चतुराई शून्य आहे, पण पिनकोड पुरा येतो. एकच अडचण: लूपच कुठल्या ओळीत अडकून बसला तर खूण वाचणार कोण? म्हणून दुसऱ्यांदा दाबलेल्या कळीला वेगळा अर्थ दिला. पहिल्यांदा दाबली तर खूण कर. खूण आधीच असताना पुन्हा दाबली तर जुन्या वाटेने डीबगर उघड. आणि काम सुरू होताना खूण पुसायला विसरायचं नाही. मी विसरलो होतो, आणि दुसऱ्या दिवशीचं काम पहिली ओळ लिहून थांबलं होतं.

टर्मिनलवर चालणाऱ्या ग्नू स्मॉलटॉकमध्ये पडदेवाली प्रोसेस नाही, खिडक्या नाहीत. तिथे कंट्रोल-सी दाबली की 'सिस्टम एक्सेप्शन्स'च्या घरातलं 'यूजर इंटरप्ट' हे एक्सेप्शन उठतं, आणि 'ऑन, डू'ने ते पकडता येतं. ज्या चार ओळी एकत्रच व्हायला हव्यात त्या 'व्हॅल्यू विदाउट इंटरप्ट्स'मध्ये गुंडाळून ठेवायची सोयही आहे. इथे चूक होते ती जाळं फार मोठं टाकल्याने. लूपच्या आत 'कुठलंही एक्सेप्शन आलं तर दुर्लक्ष कर आणि पुढच्या ओळीवर जा' असं लिहिलं की त्यात वापरणाऱ्याची हाकही गिळली जाते, आणि कळ कितीही दाबली तरी प्रोग्राम हूं की चूं करत नाही. पायथनवाल्यांना याचा इतका त्रास झाला की २००६ साली, २.५ आवृत्तीत, त्यांनी 'कीबोर्ड इंटरप्ट' नेहमीच्या एक्सेप्शनांच्या कुळातून बाहेर काढून वर नेऊन ठेवलं. स्मॉलटॉकमध्ये नावानिशी पकडा: आकडा वाचता आला नाही तर ती चूक, फाइल सापडली नाही तर ती चूक. बाकीचं जाऊ द्या वर.

जिथे काहीच चालत नाही अशी एक जागा राहिली. व्हर्च्युअल मशीन घंटा ऐकतं ते मेसेज पाठवताना किंवा लूप मागे वळताना. आपली रिकामी ओळसुद्धा मागे वळतेच, म्हणून ती सापडली. पण प्रोग्राम एखाद्या प्रिमिटिव्हमध्ये, म्हणजे मशीनच्या पोटातल्या सी कोडमध्ये शिरला, किंवा बाहेरच्या लायब्ररीला हाक मारून तिच्या उत्तराची वाट बघत बसला, तर तो परत येईपर्यंत ना मेसेज, ना वळण. पहारेकरी ६०वर असो की ८०वर, त्याला उठवायलाच कुणी नसतं. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रामच मारावा लागतो, युनिक्सच्या जुन्या रीतीने.

आणि पहारेकऱ्याच्या मेथडवरच हात चालवणार असाल तर एक सावधगिरी. स्मॉलटॉकमध्ये मेथड 'अॅक्सेप्ट' केली की ती त्याच क्षणी लागू होते, पण आधीच वाट बघत बसलेली प्रोसेस जुनीच मेथड चालवत राहते. 'इन्स्टॉल इंटरप्ट वॉचर' म्हणून नवा पहारेकरी बसवावा लागतो, तेव्हा जुना जातो. नव्यात चूक असेल तर पुढची कळ दाबल्यावरच कळतं, आणि तेव्हा लूप थांबवायला कुणी उरलेलं नसतं. मी आधी इमेजची एक प्रत दुसऱ्या नावाने काढून ठेवतो. चुकून बिघडलेली इमेजच सेव्ह झाली, तरी शेजारी 'चेंजेस' नावाची फाइल असते. प्रत्येक बदललेली मेथड तिच्यात क्रमाने नोंदलेली असते, अगदी तुम्ही बिघडवलेलीसुद्धा. जुनी इमेज उघडायची, त्या नोंदी खालून वर वाचत जायच्या, आणि पहारेकऱ्याला हात लावण्याआधीच्या ओळीपर्यंतचेच बदल पुन्हा आत घ्यायचे.